तंजावूरहून लंकेचं तिकीट

मध्यरात्र उलटून गेल्यावर चेन्नईची एक गाडी तंजावूर स्टेशनात शिरते. चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम असा जुना मार्ग धरून ती आलेली असते आणि सकाळी रामेश्वरमला पोचणार असते. वेळापत्रकात तिचं नाव रामेश्वरम एक्सप्रेस आहे. पण हमालांना, चहावाल्यांना आणि गावातल्या जुन्या माणसांना विचाराल तर ती 'बोट मेल'. या गाडीला जोडून सुटणारी शेवटची बोट बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी नाव हटलेलं नाही. गेल्या वर्षी या फलाटावर बसून मी तिची वाट पाहत होतो, तेव्हा मला वाटलं, हे नाव म्हणजे नुसती आठवण नव्हे. ती एक थकलेली बाकी आहे. इथल्या माणसाला समुद्रापलीकडे नेऊन सोडण्याचं वचन एका रेल्वेने दिलं होतं, आणि ते अजून कुणी रद्द केलेलं नाही.

तंजावूर म्हटलं की मराठी वाचकाला मोठं देऊळ, सरस्वती महाल ग्रंथालय, व्यंकोजीराजांची गादी आणि तिथलं वेगळ्या हेलाचं मराठी आठवतं. समुद्र सहसा आठवत नाही. नकाशा मात्र वेगळं सांगतो. कावेरीच्या मुखाचा सगळा सखल मुलूख तंजावूरचा. नागपट्टिणम बंदरसुद्धा १९९१ पर्यंत तंजावूर जिल्ह्यातच होतं. दक्षिणेला मल्लिपट्टिणमचा किनारा आजही तंजावूर जिल्ह्यात आहे. तिथून पाल्कच्या उपसागरापलीकडे श्रीलंका. म्हणूनच भारत आणि लंकेमधल्या प्रवासी बोटींची हकिकत सांगायची तर ती तंजावूरहून सांगणं मला योग्य वाटतं. दोन्ही वाटा याच गावावरून जातात: एक पूर्वेला नागपट्टिणमकडे, दुसरी दक्षिणेला सेतूकडे.

चोळांच्या काळात या वाटेवरून सैन्य गेलं. राजराजाने उत्तर लंका जिंकली आणि तिथल्या काही गावांचा वसूल तंजावूरच्या देवळाला लावून दिला. देवळाच्या भिंतीवर तो कोरलेला आहे. मराठ्यांचं राज्य आलं तेव्हा आरमारी मोहिमांचे दिवस सरले होते. पण किनाऱ्याकडे त्यांची पाठ नव्हती. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार, १३१ फुटांचा, तंजावूरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधवला. समुद्रातून किनारा शोधणाऱ्या नावाड्यांना आजही तो दुरून दिसतो. दुसऱ्या सर्फोजीराजांनी मल्लिपट्टिणमजवळ १८१४-१५ मध्ये षट्कोनी, आठ मजली मनोरा उभारला, नेपोलियनच्या पराभवाचं स्मारक म्हणून. त्याच्यावरच्या लेखांत एक मराठीही आहे, आणि गावकरी त्याला 'मनोरा' याच नावाने ओळखतात. मी गेलो तेव्हा खाली कोळी जाळी सोडवत बसले होते आणि समोरचं पाणी तलावासारखं निश्चल होतं. त्या शांत पाण्याकडे बघून पलीकडचा देश परका आहे असं मनात येत नाही.

मिनारांपेक्षाही या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती छत्रं. तंजावूरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने निघालं की ओरत्तनाड लागतं. तिथे सर्फोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र आहे, दर्शनी भाग रथासारखा, दगडी घोडे आणि हत्ती जुंपलेला. आणखी पुढे किनाऱ्यावर एका गावाचं नावच सेतुबावाछत्रम् आहे. सेतु, बावा, छत्र: तिन्ही शब्द ऐकताक्षणी मराठी माणसाला कळतात. काशीची गंगा रामेश्वरावर घालायची आणि सेतूची वाळू परत नेऊन प्रयागच्या संगमात सोडायची, ही आपल्या घराघरांतली यात्रा. तिच्यासाठी आलेला देशावरचा माणूस महिनोन्महिने चालून या मुलखात पोचायचा, तेव्हा त्याला जेवण, निवारा, वैद्य सगळं छत्रात मिळायचं. १८०१ मध्ये सर्फोजीराजांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. ही छत्रं तरी धर्मकार्यासाठी आपल्याकडे राहू द्यावीत, अशी त्यांची विनवणी होती. कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळतं, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची व्यवस्था होते, वाटेत मेलेल्याचे अंत्यविधी होतात, हे सगळं त्यांनी त्यात सांगितलं आहे.

बोटीच्या लेखात छत्रांना एवढी जागा देतोय, कारण लांबच्या प्रवासात प्रत्यक्ष पाणी ओलांडणं हा सगळ्यांत छोटा टप्पा असतो, हे या मुलखाला फार आधी उमगलं होतं. अलीकडच्या तीरापर्यंत माणूस कसा पोचतो आणि पलीकडच्या तीरावर उतरल्यावर त्याचं काय होतं, यावर वाट टिकते.

आगगाडीने हेच तत्त्व पुढे नेलं. ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वेने दक्षिणेतले आपले पहिले रूळ नागपट्टिणम बंदरातून आत ओढले. १८६१ मध्ये गाडी तंजावूरला आली, १८६२ मध्ये तिरुचिरापल्लीला पोचली. म्हणजे तंजावूरला रेल्वे मद्रासकडून नव्हे, समुद्राकडून आली. लंकेला जाणाऱ्यांची वाट मात्र त्या काळी तुतिकोरीनची होती. मद्रासहून गाडीने तुतिकोरीन, तिथून आगबोटीने रात्रभर प्रवास करून कोलंबो. त्या गाडीला बोट मेल हे नाव तेव्हाच पडलं. याच सुमारास एक प्रवासी उलट दिशेने आला. अमेरिकेहून परतणारे स्वामी विवेकानंद २६ जानेवारी १८९७ रोजी लंकेहून पांबनला उतरले आणि रामनाड, मदुरै, तिरुचिरापल्ली, तंजावूर, कुंभकोणम करत मद्रासला गेले.

सगळ्यांत देखणी व्यवस्था १९१४ ची. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला पांबनचा रेल्वेपूल खुला झाला: दोन किलोमीटरहून थोडा लांब, शंभराहून अधिक खांबांवर उभा, मध्ये जहाजांसाठी दोन्ही बाजूंनी उघडणारा लोखंडी गाळा. रूळ पांबनच्या बेटावरून थेट धनुष्कोडीच्या टोकापर्यंत गेले. पलीकडे लंकेच्या रेल्वेने तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत फाटा आणला. मध्ये राहिलं जेमतेम पस्तीस किलोमीटरचं पाणी. त्यासाठी साउथ इंडियन रेल्वे कंपनीने तीन टर्बाइन आगबोटी आणल्या: कर्झन, एल्गिन, हार्डिंज. व्हाइसरॉयांची नावं दिलेल्या त्या बोटी दोनेक तासांत पलीकडे पोचायच्या. मद्रासला, तंजावूरला किंवा तिरुचिरापल्लीला एकच तिकीट काढायचं. गाडी धक्क्याला लागायची, सामान बोटीवर चढायचं, तपासणी व्हायची, पलीकडे तलैमन्नारला कोलंबोची गाडी उभी असायची. प्रवाशाला दोन रेल्वे, एक बोट आणि एक सरहद्द यांचा वेगळा विचार करावा लागत नसे. दोन देशांच्या रुळांमध्ये शिवलेला तो एक टाका होता. आज विमानाच्या प्रवासातही इतकं सलग काही मला अनुभवायला मिळत नाही.

ती जागा निवडण्यात वाऱ्याचाही हिशेब होता. धनुष्कोडी म्हणजे वाळूची चिंचोळी जीभ, उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत दक्षिणेचा समुद्र खवळतो, ईशान्येच्या वाऱ्यांत उत्तरेचा, म्हणजे एक बाजू खवळली तरी दुसरी शांत मिळते. मध्ये आपण ज्याला रामसेतू म्हणतो त्या वाळूच्या आणि खडकांच्या उथळ रांगा. तिथून मोठी जहाजं जात नाहीत.

या बोटींवर कोण होतं, हे नजरेआड करून चालणार नाही. पहिल्या वर्गात मळेवाले आणि अधिकारी असत. डेकवर तमिळ मजूर, लंकेच्या चहामळ्यांसाठी भरती केलेले. तंजावूर, तिरुचिरापल्ली, मदुरै, सेलमच्या खेड्यांतले, बरेचसे दलित, बायका-मुलांसकट. त्यांना बोटीवर चढण्याआधी मंडपमच्या छावणीत ठेवून रोगराईसाठी तपासत. ही छावणी भारताच्या भूमीवर, पण चालवायचं लंकेचं सरकार. बोट मेलच्या रम्य आठवणी खूप लिहिल्या गेल्या आहेत. मंडपमच्या छावणीत दिवस काढलेल्या बाईची आठवण कुणी लिहून ठेवलेली मी वाचलेली नाही, आणि ती वाचायला मिळावी अशी माझी फार इच्छा आहे.

पुढचं सगळं एका वर्षात घडलं. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांनी करार केला. लंकेतल्या नागरिकत्व नसलेल्या भारतीय वंशाच्या लोकांपैकी सव्वापाच लाखांना भारताने परत घ्यायचं, तीन लाखांना लंकेने नागरिकत्व द्यायचं, असं ठरलं. ज्यांचे आजोबा धनुष्कोडीहून गेले होते त्यांची नातवंडं त्याच वाटेने उलट यायची होती. आणि आठ आठवडेही झाले नाहीत तोच ती वाट बुडाली. २२ डिसेंबरच्या रात्री ६५३ क्रमांकाची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर टोकाजवळ पोचत असताना चक्रीवादळाची लाट तिच्यावर कोसळली. गाडीत प्रवासी आणि कर्मचारी मिळून ११५ जण होते, एकही वाचला नाही. सकाळी धनुष्कोडी नावाचं गाव उरलं नव्हतं: स्टेशन, धक्का, पोस्ट, चर्च, घरं. सरकारने ती जागा वस्तीला अयोग्य ठरवली. पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले, तरी मधला उघडणारा गाळा टिकला. त्या पुलाची दुरुस्ती ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरने ४६ दिवसांत पुरी केली. कोकण रेल्वेमुळे पुढे ते आपल्याला घरचेच झाले, पण त्यांच्या नावाची पहिली ओळख या पाण्यावरची आहे.

धनुष्कोडीचे रूळ पुन्हा टाकले गेले नाहीत. बोट मात्र फार दिवस थांबली नाही. रामेश्वरमच्या धक्क्यावरून ती तलैमन्नारला जाऊ लागली. जहाजाचं नाव रामानुजम. तिच्यावर यात्रेकरू होते, साड्या आणि मसाल्यांचे छोटे व्यापारी होते, आणि दर फेरीला कराराप्रमाणे परतणारी चहामळ्यांची कुटुंबं होती. त्यांना उतरवून घेण्याची जागा पुन्हा तीच, मंडपमची छावणी. मोटारगाडी घेऊन लंकेला जाणाऱ्याची तर वेगळीच कसरत होती. पांबनला रस्त्याचा पूल १९८८ पर्यंत नव्हता. तोवर बेटावर मोटार न्यायची तर तीही रेल्वेच्या उघड्या डब्यावर चढवूनच.

१९८३ च्या जुलैत लंकेत तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या आणि पुढच्या वर्षी रामानुजमच्या फेऱ्या कायमच्या थांबल्या. पण लोक थांबले नाहीत. अधिकृत बोट बंद झाली त्याच पाण्यातून मासेमारीच्या होड्यांत बसून निर्वासित येत राहिले. आधी जाणाऱ्या मजुरांची, मग परतणाऱ्या कुटुंबांची असलेली मंडपमची छावणी निर्वासितांची झाली. एका जागेने तीन पिढ्यांत तीन वेळा तमिळ लोकांना आसरा दिला.

पूर्वेची वाट, नागपट्टिणमची, तिचाही शेवट याच वर्षांतला. लांब पल्ल्याची जहाजं इथून पेनांग आणि सिंगापूरला जायची. त्यांतली 'राजुला' पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यात आहे. १९२६ मध्ये ग्लासगोत बांधलेली ही बोट जवळपास अर्धं शतक मद्रास, नागपट्टिणम, पेनांग, सिंगापूर अशा फेऱ्या करत राहिली. नागपट्टिणमला मोठं जहाज धक्क्याला लागत नसे. ते दूर नांगर टाकायचं आणि माणसं होड्यांतून जायची. तिच्यानंतर आलेल्या 'चिदंबरम'ला फेब्रुवारी १९८५ मध्ये भर समुद्रात आग लागली, चाळीसच्या आसपास माणसं गेली, आणि प्रवासी जहाजाचं पर्व तिथेच संपलं. तंजावूरच्या दोन्ही वाटा वर्षभराच्या अंतराने मिटल्या.

नंतर एकदा खरीखुरी कार-फेरी या पाण्यात आली. तिची जन्मकथा या भूमीपासून इतकी दूरची आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या क्रालेव्हित्साच्या गोदीत एक जहाज तयार झालं, 'स्टेना ऑलिम्पिका'. आत गाड्यांसाठी सलग डेक, वर प्रवाशांच्या केबिन. मोटार धक्क्यावरून थेट जहाजाच्या पोटात चालत जायची आणि पलीकडे तशीच चालत बाहेर पडायची. स्वीडनचं गोथेनबर्ग आणि जर्मनीचं कील यांच्यामध्ये दहा वर्षं ती धावली. १९८२ मध्ये अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या पोर्टलंडहून कॅनडातल्या यारमथला जाऊ लागली, 'स्कॉशिया प्रिन्स' या नावाने. रात्री निघायचं, सकाळी पोचायचं, मोटार सोबत. तिथल्या दोन पिढ्यांची सुट्टी या बोटीवर सुरू झाली. बावीस वर्षांनी, २००४ च्या हंगामानंतर तो मार्ग तिच्यासाठी संपला. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचा परिसर बुडवला तेव्हा घरं गेलेल्या कर्मचाऱ्यांना राहायला म्हणून हीच बोट मिसिसिपीच्या काठी बांधून ठेवली होती. प्रवासाची बोट काही महिने छत्र झाली होती.

आणि १३ जून २०११ रोजी ती तुतिकोरीनहून कोलंबोला निघाली. लंकेतलं युद्ध २००९ मध्ये संपलं होतं, जवळजवळ तीन दशकांनी प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू होत होती. हजारावर प्रवासी मावतील एवढी मोठी, चाळिशीला टेकलेली बोट. रात्रभराचा प्रवास. १९१४ च्या आधीचा तोच जुना मार्ग. वर्तमानपत्रांतली छायाचित्रं पाहताना मला फार आनंद झाला होता आणि आपणही जायचं, असं मनाशी ठरवलं होतं. जायला मिळालं नाही. सहा महिनेही पुरे झाले नाहीत. प्रवासी पुरेसे आले नाहीत, खर्च चढत गेला, नोव्हेंबरात इंधनाच्या थकलेल्या बिलापायी बोट कोलंबोत अडकून पडली. २०१२ मध्ये ती बांगलादेशच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली.

तिच्या या अखेरीबद्दल मी बराच विचार केला. जहाज जुनं होतं, पण नालायक नव्हतं. बाल्टिकमध्ये आणि अटलांटिकमध्ये तिने तीस वर्षं काढली, कारण तिथे तिच्या दोन्ही टोकांना रस्ते होते, हॉटेलं होती, सुट्टीचं वेळापत्रक होतं, सरहद्दीवर मिनिटांत उरकणारी तपासणी होती. इथे तिला मोठा धक्का मिळाला आणि बाकी काहीच मिळालं नाही. एवढा मोठा पसारा हवेतल्या उत्साहावर चालणार नव्हता. विमानाने तासाभरात कोलंबोला पोचणाऱ्या माणसाने रात्र बोटीवर का घालवावी, याचं उत्तर तयार करायला वर्षं लागतात, महिने पुरत नाहीत.

आपल्याकडे याचं उलट उदाहरण आहे. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालते, कारण वासिष्ठीच्या खाडीला वळसा घालण्यात जाणारा वेळ तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. ग्रीसहून आणलेली 'प्रोटोपोरोस' १५ मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघाली आणि आठवडाभरात टाळेबंदीने थांबली, तरी ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली. अलीबागचा रस्ता तिची वाट पाहत होता.

१४ ऑक्टोबर २०२३ ला नागपट्टिणमहून जाफनाजवळच्या कांकेसंतुरैला बोट निघाली, कोचीच्या गोदीत बांधलेली, दीडशे प्रवाशांची 'चेरियापाणी'. सुमारे ६० सागरी मैल, चारेक तासांचा प्रवास. आठवड्यातच फेऱ्या थांबल्या, कारण ईशान्य मोसमी पाऊस आला. इथली दिवाळी ऐप्पसी महिन्यातली, म्हणजे ऐन या पावसातली. आपण कोरड्या अंगणात पणत्या लावतो तेव्हा तंजावूरला फटाके घरात जपून ठेवावे लागतात आणि पाल्कची सामुद्रधुनी खवळलेली असते. १६ ऑगस्ट २०२४ ला दुसऱ्या बोटीने, 'शिवगंगै'ने, सेवा पुन्हा सुरू केली. ती नोव्हेंबरात थांबली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा निघाली. मोटारी तिच्यावर नाहीत, फक्त माणसं आणि सामान. हे थांबणं-निघणं अपयश समजू नये असं मला वाटतं. दिवाळी ते माघ बोट नाही, हा नियम तिकिटावर आधीच छापलेला असेल तर लोक त्याप्रमाणे जगतात. कोकणच्या किनाऱ्यावरच्या बोटी पावसाळ्यात बंद राहायच्याच आणि कुणाची तक्रार नव्हती.

लहान बोट घेऊन बारा महिन्यांतले आठ-नऊ महिने चालवत राहणं, हा मार्ग मला 'स्कॉशिया प्रिन्स'पेक्षा शहाणपणाचा दिसतो. त्यात एक गोष्ट मात्र अजून कुणी केलेली नाही. पलीकडे जाफना-कांकेसंतुरै लोहमार्ग युद्धात उखडला होता, तो भारतीय कंपनीने बांधून २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. कांकेसंतुरै स्टेशनातून थेट कोलंबोची गाडी मिळते. अलीकडे नागपट्टिणमला १८६१ चा तोच मार्ग आहे. दोन्ही बंदरांना रूळ आहेत, मध्ये बोट आहे. १९१४ मध्ये नेमकं एवढंच होतं, आणि वर एक तिकीट होतं.

नागपट्टिणमच्या बंदराच्या फाटकाबाहेर मी उभा होतो तेव्हा शिवगंगैचे प्रवासी बाहेर पडत होते. जाफन्याहून आलेली काही कुटुंबं होती. मोठ्या पिशव्या, पेंगुळलेली मुलं. एका आजोबांच्या हातात तंजावूरच्या नातेवाइकाचा पत्ता तमिळमध्ये लिहिलेला कागद होता आणि ते रिक्षावाल्याला भाडं विचारत होते. स्टेशन तिथून जवळच आहे. पण बोटीच्या वेळेला जोडून तंजावूरकडे गाडी आहे का, हे त्या फाटकावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. रिक्षावाला त्यांना बसस्टँडला घेऊन गेला.